किल्ली शेजारी आहे

आमच्या सोसायटीत घराला कुलूप लावायची एक रीत आहे. कुलूप लावायचं, दोनदा ओढून बघायचं, अर्धा जिना उतरल्यावर शंका येऊन परत वर जायचं, तिसऱ्यांदा ओढायचं, आणि मग किल्ली शेजारी देऊन निर्धास्त बाहेर पडायचं. आमचे शेजारी खैरनार अण्णा. आमच्याकडे पाहुणे आले, गॅसवाला आला, मीटर बघणारा आला की अण्णा किल्ली देतात, पाणी देतात, आणि आम्ही कुठे गेलोय, कशाला गेलोय आणि खरं म्हणजे का जायला नको होतं, हेही सांगतात. नाशिकच्या गंगापूर रोडवर आम्ही सोळा वर्षं असेच राहिलो आणि आमचा एक चमचासुद्धा हरवला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला मूर्ख ठरवायची घाई बऱ्याच जणांनी केली. माझी बायको सुवर्णा त्यात पहिली होती.

मी घरांचे नकाशे काढतो. हॉलमध्ये खिडकीशी एक टेबल, त्यावर संगणक, आणि दारावर 'र. वि. गायधनी, गृहरचनाकार' अशी पाटी. पाटी ऑफिसच्या मानाने जरा मोठीच आहे. नकाशा मी काढायचा आणि गवंड्याला लागणारे बारीकसारीक मापांचे कागद सिन्नरहून तृप्तीने तयार करायचे, अशी आमची वाटणी. तृप्ती माझ्या हाताखाली दोन वर्षं काम शिकली, लग्न होऊन सिन्नरला गेली आणि तिथूनही माझंच काम करत राहिली. ती मला सर म्हणते, पण ज्या सुरात म्हणते तो सूर शाळेत बाई नापास मुलाशी बोलताना लावतात तो आहे.

दोन हजार आठ सालापर्यंत आमच्या फायली सिन्नरला सीडीवरून जायच्या. मी सीडी घेऊन द्वारका चौकात जायचं, सिन्नरच्या जीपवाल्याच्या हातात ती द्यायची, आणि त्याने ती तृप्तीच्या सासऱ्यांच्या दुकानात टाकायची. बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका डॉक्टरांचा बंगला वाटेत हरवला. जीपवाला म्हणाला दिला, सासरे म्हणाले मिळाला नाही. तीन आठवड्यांनी मी बसने सिन्नरला चाललो होतो, तेव्हा रस्त्याकडेच्या टोमॅटोच्या शेतात बांबूला दोरीने बांधलेली एक सीडी उन्हात गरगर फिरताना दिसली. पाखरं हाकलायला शेतकरी सीड्या टांगतात हे मला माहीत होतं. बस थांबवून मी बांधावर उतरलो. सीडीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टर, अंतिम'. शेतमालक म्हणाला, लय गुणाची हाय, हिच्यामुळं एक पाखरू फिरकत नाय. माझ्या कामाबद्दल इतकं मोकळं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं, त्यामुळे मी ती परत मागितली नाही.

तृप्तीला हे सांगितलं तेव्हा तिने फोनवर एक उसासा टाकला आणि मला नव्या युगात ओढलं. इंटरनेटवर एक कंपनी फुकट जागा देते म्हणाली. तिथे फायली ठेवायच्या. तुम्ही नाशिकमध्ये उघडा, मी सिन्नरमध्ये उघडेन, घरमालकाला त्याच्या घरी उघडू दे. मी विचारलं, पण फायली नक्की राहतात कुठे? ती म्हणाली, कुठेतरी लांब राहतात सर, वरती आहेत असं समजा. तिने ते मला गप्प करायला म्हटलं होतं. मी मात्र खिडकीतून वर बघितलं. त्या दिवशी रामशेजच्या डोंगरावर दोन-तीन पांढरे ढग रेंगाळत होते, आणि त्यांत माझी स्वयंपाकघरं, माझे जिने आणि माझ्या गच्च्या संथपणे सरकतायत असं मला इतकं स्पष्ट दिसलं, की तृप्तीने पुढे सांगितलेले नियम अर्धेच ऐकू आले. माझं हे लहानपणापासून असंच आहे.

नियम तीन होते, ते तिने नंतर पुन्हा सांगितले. प्रत्येक घरमालकाचा कप्पा वेगळा ठेवायचा. प्रत्येकाला फक्त त्याच्याच कप्प्याची वाट द्यायची. आणि मुख्य पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. "अगदी कोणालाही नाही, सर. सुवर्णाताईंनाही नाही."

नाव नोंदवताना कंपनीने मला एक गुप्त प्रश्नही विचारला. पासवर्ड विसरलात तर तुम्हीच तुम्ही आहात हे कसं ओळखायचं, यासाठी तो होता: तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय? मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसलो. आमच्याकडे आईचं माहेर ही काय लपवायची गोष्ट आहे? ते लग्नपत्रिकेत छापतात, भांड्यांवर घालतात, आणि सुनेवर राग आला की सासू ते जिन्यात मोठ्याने उच्चारते. पण विचारलंच होतं म्हणून लिहिलं. माझी आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि तिच्या माहेरची चौकशी इतक्या आपुलकीने बऱ्याच दिवसांत कोणी केली नव्हती.

पासवर्ड मी ठेवला 'निवांत'. निवांत हे माझ्या घराचं नाव. म्हणजे आम्ही राहतो त्या दोन खोल्यांचं नव्हे. निवांत मी अकरा वर्षं काढत होतो, आधी कागदावर आणि नंतर संगणकावर. त्याला जागा नव्हती, पण बाकी सगळं होतं. लांब पडवी होती, पितळी कड्यांचा झोपाळा होता, रामशेज दिसेल अशी खिडकी होती, परसात पेरू होता. आणि एका कोपऱ्यात 'आईची खोली' होती. आई होती तोवर हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. सकाळी माझी माणसं यायची म्हणून साडेसहालाच अंथरूण गुंडाळून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. निवांतचा नकाशा तिला दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "मला एक खिडकी पूर्वेला ठेव आणि खाली थोडी अबोली लाव. बाकी तुझं तू बघ." मी तसं लगेच लिहून ठेवलं: पूर्वेला खिडकी, खाली अबोली. लिहून ठेवण्यापलीकडे माझ्याकडून काही झालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर निवांतही मी वरती नेऊन ठेवलं, 'खासगी' नावाच्या कप्प्यात.

त्याच सुमारास गिरणाऱ्याकडच्या झुंबरबाई थेटे माझ्याकडे आल्या. तीन मुलगे, गुलाब आणि शेवंतीचे वाफे, आणि मातीच्या विटांचं जुनं घर पाडून नवं बांधायचा विचार. झुंबरबाई पासष्टीच्या, डोक्यावरचा पदर न ढळू देता सरळ मुद्द्याचं बोलणाऱ्या. माझ्या हातचं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "घर एक. चूल एक. मी हाय तवर दुसरी चूल नाय."

मी म्हटलं, मावशी, तीन सुना, अडचण होईल. त्यावर मग ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या ते बोलल्या. "आमच्या आळीत चुली निराळ्या झाल्या का म्हातारी वाटून घेत्यात. चार महिने ह्याच्याकडं, चार महिने त्याच्याकडं. गाठोडं उचलायचं आन् निघायचं. माझ्या जावंचं तेच झालं. शेवटाला कुणाचे चार महिने चाललेत तेबी तिला उमगत नव्हतं. मला तसं नाय व्हायचं, भाऊ."

मी त्यांना शब्द दिला. शब्द देण्यात मी कधीच मागे नसतो.

पुढच्या आठवड्यात थोरला मल्हारी एकटाच आला. खुर्चीच्या टोकावर बसून, दाराकडे बघत त्याने सांगितलं, की साहेब, माझ्यापुरता निराळा ओटा आणि निराळं दार होईल असा एक नकाशा काढून ठेवा. आईला कळता कामा नये. मधला गोरक्ष मला भाजीबाजाराशी अडवून तेच बोलला. धाकट्या राजूने मिस्ड कॉल दिला आणि मी उलट फोन केल्यावर माझ्याच खर्चाने तेच सांगितलं. भावांनाही कळू द्यायचं नव्हतं. तिघेही वाईट नव्हते. सुनांचं जमत नव्हतं, मुलं मोठी होत होती, आणि आईसमोर उभं राहून हे बोलायची छाती एकाचीही नव्हती. आता कोणी मला म्हणेल की तुम्ही सरळ नाही का म्हटलं नाही. मी आयुष्यात नाही म्हटलं असतं तर माझ्या पाटीला साजेसं ऑफिस झालं असतं. मी तिघांनाही हो म्हटलं.

नकाशे मात्र आठ दिवसांत काढले. माझी एक पद्धत आहे, ती धंद्यातलं गुपित म्हणून सांगतो. कुठलंही घर काढायचं तर मी कोऱ्या कागदाने सुरुवात करत नाही. निवांतची एक नक्कल काढतो आणि त्यातून माझं जे जे असेल ते पुसत जातो. आधी नाव पुसतो, मग झोपाळा, मग पेरू, मग अबोली. उरलेल्या घरात मग लोकांच्या भिंती घालतो. तसं मल्हारीचं घर झालं, गोरक्षचं झालं, राजूचं झालं. आईने सांगितलेलं एका चुलीचं चौथं घरही झालं. चार कप्पे केले, चार नावं दिली, आणि तृप्तीला फोन करून म्हटलं, बघ, तुझे नियम पाळतोय.

तेव्हा नाशकात भारनियमन होतं. आमच्या भागात सकाळी नऊला वीज जायची आणि कधी येईल ते येईल. माझा संगणक बंद, पंखा बंद, आणि घामाघूम झालेला माणूस समोर नकाशा बघायला बसलेला. थेट्यांच्या घरी संगणकच नव्हता, त्यामुळे त्यांना कप्प्याची वाट देऊन उपयोग नव्हता. खैरनार अण्णांकडे मात्र इन्व्हर्टर होता. संगणकही होता, निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेला. अण्णा मूळचे सटाण्याकडचे, आणि त्यांची सगळी नोकरी नोटांच्या छापखान्यात गेली. चौतीस वर्षं रोज फाटकावर अंगझडती देऊन आणि जेवणाचा डबा उघडून दाखवून घरी आलेला माणूस. गुप्तता म्हणजे काय ते त्यांना मी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती.

एका सकाळी मला बांधकामावर जायचं होतं, मल्हारी नकाशा बघायला येणार होता आणि वीज गेली होती. मी कुलूप लावलं, दोनदा ओढलं, अण्णांची बेल वाजवली. आतून अण्णांनी त्यांच्या अहिराणीत "कोण शे?" विचारलं. मी किल्ली पुढे केली, आणि त्याच हाताने एक चिठ्ठी. तिच्यावर पासवर्ड होता. खरं सांगतो, ते करताना मला काहीच वाटलं नाही. किल्ली दिली आणि किल्लीच दिली. तृप्तीच्या नियमातला 'कोणालाही' हा शब्द मला बाहेरच्या लोकांसाठी आहे असं वाटलं होतं.

अण्णांनी ती जबाबदारी मनापासून घेतली. मल्हारीला त्यांनी मल्हारीचाच कप्पा दाखवला, गोरक्षला गोरक्षचाच. इथपर्यंत छापखान्याची शिस्त टिकली. पण दुपारी इन्व्हर्टर चालू, बाहेर ऊन, खैरनार काकू झोपलेल्या, आणि समोर एक कप्पा, ज्याच्यावर 'खासगी' लिहिलेलं. आपल्याकडे खासगी असं लिहिलेलं पाकीट कोणी न उघडता ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.

दोन दिवसांनी तळमजल्यावरच्या बाईंनी मला दुधाच्या रांगेत विचारलं, झोपाळ्याच्या कड्या पितळीच का, घासायच्या कोणी? मी दचकलो. संध्याकाळी जिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी थांबवून सांगितलं, की पेरू घराच्या इतका जवळ लावू नका, वटवाघळं येतात. तिसऱ्या मजल्यावरचे वास्तुशास्त्राचे जाणकार तर घरीच आले. माझा जिना चुकीच्या दिशेला चढतो आणि म्हणूनच मला जागा मिळत नाही, असं त्यांनी सुवर्णाला समजावलं. तिला ते पटलं. अकरा वर्षं जे घर मी डोळे मिटून एकट्याने फिरलो, त्यात आता अख्खी सोसायटी चपला घालून हिंडत होती. आणि सगळे सल्ला देत होते, पण पडवी सुंदर आहे असं एकजण म्हणायला तयार नव्हता. मला दुःख त्याचं जास्त झालं.

अण्णांना विचारलं तर त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "अहो गायधनी, एवढं चांगलं घर काढता आणि लपवून ठेवता? चार लोकांना दाखवलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जिना मी हलवून ठेवलाय. तुम्हाला वेळ होईल न होईल."

त्यांनी खरोखरच हलवला होता. चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये नकाशा उघडून, जिना खोडून, दुसरीकडे लाल रेघांनी नवा काढला होता. त्या ओघात थेट्यांच्या एका चुलीच्या घरातही त्यांनी दोन-चार सुधारणा केल्या होत्या. तृप्तीचा फोन आला तेव्हा ती तीन दिवस त्याच सुधारलेल्या नकाशावर काम करून दमली होती. "सर," ती म्हणाली, "संडास पडवीत का आणलाय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने मला ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुम्ही पासवर्ड शेजारी दिलात?" मी म्हटलं, किल्ली नाही का देत? ती म्हणाली, सर, उद्या सिन्नरला या. फोनवर सांगितलेलं तुम्हाला समजत नाही. समोर बसवून पासवर्ड बदलते, आणि कोणाला काय दिसेल तेही लावून देते. सुवर्णाने हे शेजारून ऐकलं आणि डबा भरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सिन्नरला तृप्तीच्या घरी, तिच्या सासूबाईंनी केलेला चहा पीत, सुरक्षितता शिकत होतो. तृप्तीने पासवर्ड बदलला. नवा मला सांगितलाच नाही, म्हणाली लागेल तेव्हा विचारा. हे जरा लागलं, पण चहा चांगला होता. तेवढ्यात फोन वाजला. अण्णा होते.

"गायधनी, तुमचा पासवर्ड अचानक चालेना. झुंबरबाई आल्यात. तुम्ही नाही म्हणून मीच दाखवत होतो."

मी उभा राहिलो. "काय दाखवत होतात?"

"सगळं दाखवून झालं. एक कप्पा ठेवला नाही. कागदही काढून दिले. आता परत उघडायला गेलो तर म्हणतो चुकीचा आहे." आणि मला धीर यावा म्हणून पुढे म्हणाले, "बाई एकट्या किती लक्षात ठेवणार? तिन्ही पोरांनाही फोन करून बोलावून घेतलंय."

परतीच्या बसमध्ये मला उभं राहायला जागा मिळाली. एरवी बसमध्ये मी निवांतच्या पडवीत बसतो आणि प्रवास कसा सरतो ते कळत नाही. त्या दिवशी डोळे मिटले की झुंबरबाईच दिसायच्या, काखेत गाठोडं घेऊन एका दारातून निघून दुसऱ्या दारात थांबलेल्या, आणि ती तिन्ही दारं मी काढलेली. मी त्यांना शब्द दिला होता, आणि त्याच हाताने त्यांचं घर तीनदा फोडून ठेवलं होतं. द्वारकेला गाडी अडकली. पुढे एक ट्रक आडवा झाला होता आणि त्याच्या भोवती उभे राहून लोक ड्रायव्हरला सल्ला देत होते. चाळीस मिनिटं बस हलली नाही. ती आणखी चाळीस मिनिटं हलू नये असं मला मनापासून वाटत होतं.

अण्णांचं दार उघडं होतं. झुंबरबाई दिवाणावर बसल्या होत्या आणि समोर तीन कागद ओळीने पसरलेले. मुलगे चपलांच्या घोडीपाशी उभे होते. थोरला जमिनीकडे बघत होता, मधला छताकडे, आणि धाकटा माझ्याकडे. त्याची नजर मला सहन झाली नाही. सुवर्णा काकूंच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"भाऊ, ही तिन्ही घरं तुम्हीच काढली?"

"हो, मावशी."

"पोरांनी सांगितल्यापरमानं?"

मी मान हलवली. झुंबरबाईंनी पदर सारखा केला.

"आधी लय राग आला. अण्णांना म्हणलं, बंद करा ते. ह्यात मल्हारीची चूल निराळी, ह्यात गोरक्षाची, ह्यात राजूची. माझ्या माघारी तिघं येऊन गेले. म्हणलं, झालं, आता बांधा गाठोडं." मग त्यांनी पहिल्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पर अण्णांनी हे वाचून दाखवलं. आईची खोली. पूर्वेला खिडकी." बोट दुसऱ्या कागदावर गेलं. "हितंबी आईची खोली." मग तिसऱ्यावर. "हितंबी. मला वाटलं हुतं, म्हातारीला कुणी मागायचं नाय. तिघांनी मागितलं, भाऊ. एकामेकाला न सांगता मागितलं."

आणि त्या रडायला लागल्या.

मी त्या कोपऱ्याकडे बघितलं. ती माझ्या आईची खोली होती. नाव पुसलं, झोपाळा पुसला, पेरू पुसला, अबोली पुसली, आणि खोली तशीच राहून गेली, तिन्ही घरांत, त्याच मापाची, त्याच खिडकीसकट. मल्हारीने खोली सांगितली नव्हती. गोरक्षने नाही, राजूनेही नाही. हे मला माहीत होतं, आणि तिघांपैकी प्रत्येकाला आपल्यापुरतं माहीत होतं. प्रत्येकजण मात्र समजत होता की इतर दोघांनी मागितली आणि आपणच तेवढे विसरलो. मी तोंड उघडलं. मी प्रामाणिक माणूस आहे, आणि धंद्यात चूक झाली तर ती कबूल करावी असं माझं मत आहे. पण सुवर्णाने दारातून माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली. निवांतचा तो कोपरा तिलाही पाठ होता. मी तोंड मिटलं.

मल्हारी पुढे येऊन आईच्या पायाशी बसला. बाकीचे दोघे उभेच राहिले, पण नाही असं कोणी म्हणालं नाही. झुंबरबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "चुली तीन घाला. बाया भांडून मरण्यापरीस ते बरं. जोतं एकच ठेवा, आन् ती खोली मधी घ्या."

अण्णा म्हणाले, बघा गायधनी, उगाच घाबरत होतात. त्यांना त्या दिवसापासून आजवर असंच वाटतं की हे सगळं त्यांनी जुळवून आणलं.

पुढच्या आठ दिवसांत तिघे पुन्हा एकेकटे आले. मल्हारी म्हणाला, साहेब, त्या खोलीला लागूनच मोरी काढा, तिला रात्री लांब जायला नको. गोरक्षने विचारलं, खोली दोन फूट वाढेल का, माझ्या बाजूचं घ्या. राजूने या वेळी मिस्ड कॉल दिला नाही, स्वतः फोन केला. म्हणाला, खिडकीला कट्टा करा, तिला बसता येईल असा. आणि शेवटी प्रत्येकाने तेच सांगितलं, की बाकीच्या दोघांना कळू देऊ नका. मी तिघांनाही हो म्हटलं. माझ्या स्वभावाचा कोणाला तरी उपयोग झाला.

पुढच्या वर्षी शेवंतीचा हंगाम सरल्यावर वास्तुशांत झाली. अण्णा, काकू, तृप्ती, सगळ्यांना बोलावणं होतं. अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला घर फिरून दाखवत होते आणि संडास कुठे असायला हवा होता तेही सांगत होते. जेवणं झाल्यावर झुंबरबाई मला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकी पूर्वेला होती, तिला कट्टा होता. त्यांनी खिडकी उघडून खाली बघायला सांगितलं.

खाली हातभर रुंदीचा एक वाफा होता आणि त्यात अबोली लागली होती. थेट्यांच्या पूर्ण रानात अबोली नाही. गुलाब आहे, शेवंती आहे. अबोली मी त्या तिन्ही कागदांवरून पुसली होती. ती फक्त एकाच कागदावर उरली होती.

"तुमचंबी घर दावलं हुतं अण्णांनी," झुंबरबाई म्हणाल्या. "अण्णांनी वाचलं, मी ऐकलं. तीच खोली, तीच खिडकी. वाफे सारखे पडले का एकाच हाताचे असत्यात, एवढं मला कळतं." त्या कट्ट्यावर बसल्या आणि बाहेर पाहुण्यांना पानसुपारी देणाऱ्या मुलांकडे बघत राहिल्या. "पोरांना सांगू नका. कुणी नाय म्हणलं नाय, तेवढं बास हाय मला."

मी खिडकीचे गज बघत उभा राहिलो, जणू मी काही कामाचं तपासतोय.

"आई झोपायची कुठं तुमची?" त्यांनी विचारलं.

"हॉलमध्ये. दिवाणावर."

त्यांनी मान डोलावली आणि कट्ट्यावर सरकून मला जागा केली. मी बसलो. माझ्या घरात मी पहिल्यांदाच बसलो होतो. ऊन उतरत होतं, लांब रामशेजचा डोंगर निळा दिसत होता, आणि अण्णांचा आवाज कुठल्यातरी खोलीतून येत होता.

"काय नाव हुतं त्यांचं?"

मी नाव सांगितलं. माहेरचं आडनावही सांगितलं.